अर्जदार हजर

१

आमच्या कोर्टात सकाळी अकराला बोर्ड सुरू होतो. बोर्ड म्हणजे त्या दिवशी चालायच्या प्रकरणांची यादी. कोर्टाचे शिपाई कानिफनाथ, ज्यांना सगळे कानिफमामा म्हणतात, दाराच्या चौकटीत उभे राहतात आणि व्हरांड्याकडे तोंड करून एकेक नाव तीनदा पुकारतात. पहिल्यांदा खणखणीत, दुसऱ्यांदा जरा कमी, तिसऱ्यांदा जवळजवळ स्वतःशीच. कोणी आलं नाही तर न्यायाधीश मान वर न करता दोन वाक्यं सांगतात आणि ती टाइप होतात : ‘अर्जदार गैरहजर. अर्ज चालविण्याअभावी निकाली.’

मी मोबाईलवर वेळ लावून पाहिली होती. चाळीस सेकंद लागतात. माणसानं दोन वर्षं खेटे घालून जे मागितलं, ते चाळीस सेकंदांत संपतं.

कोर्टाचं नाव मी लिहीत नाही. जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडचं आहे, एवढं पुरे. इथली निम्मी गावं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. कोणी कोपरगावकडे, कोणी प्रवरेकाठी, कोणी पार कर्नाटकात. परततात चैत्रात. आणि कोर्ट त्यांना तारखा देतं डिसेंबरच्या, जानेवारीच्या. जो हजर राहूच शकत नाही त्याला बोलवायचं, तीनदा हाक मारायची आणि मग लिहायचं की त्याला रस नाही. यात कोणी लाच खात नाही, कोणी कट करत नाही. बंगळुरूहून कायदा शिकून आले तेव्हा मी कटकारस्थानांशी लढायची तयारी करून आले होते. या असल्या निर्मळ अन्यायाशी कसं लढायचं, ते पाच वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबरातली एक सकाळ. चौदावं प्रकरण. कानिफमामांनी कुणा छबूबाईचं नाव पुकारलं. तिसऱ्या हाकेला व्हरांड्यातून आवाज आला, “हाय जी.” मला बरं वाटलं. चला, एक तरी आली.

कोणी आत आलं नाही. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “अर्जदार हजर. अर्ज स्वखुशीने काढून घेत आहे. निकाली.”

मी दाराकडे बघत होते. दारातून कोणी आलं नव्हतं, याची मी शपथ घेईन. पण कानिफमामा अंग चोरून बाजूला सरकले होते, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

२

त्याच आठवड्यात भामाबाई माझ्याकडे आल्या. पाथर्डीकडच्या. वय बावन्न, हाताला कोयत्याचे घट्टे. त्यांची लेक ज्योती तीन वर्षांमागं गेली. मागं राहिली निकिता, आता नऊ वर्षांची. जावई आदिनाथनं दुसरं लग्न केलं आणि पोरीला शाळेतून काढून तोडीवर नेलं, तिथल्या उसाच्या पाचटाच्या झोपडीत नव्या बाळाला सांभाळायला.

“बाळ कोपीत, अन् ही बाळापाशी. दिसभर,” भामाबाई म्हणाल्या. “लई हुशार हाय वो. पाढे तीसपत्तोर येतात तिला. मला यक बी येत न्हाई.”

नातीचा ताबा आपल्याला मिळावा, म्हणजे तिला गावात ठेवून शाळेत घालता येईल, एवढंच त्यांचं मागणं होतं. पहिला अर्ज त्या तोडीवर असताना निकाली निघाला. दुसरा केला, तो गेल्या जानेवारीत संपला. कसा, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“यंदा म्या कोयता न्हाई धरला,” त्या म्हणाल्या. “मालकास्नी म्हनलं, तुमी जा. मी गावातच बसते. बगू आता कसं म्हनतात, बाई आली न्हाई.”

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाला टोळीत कोणी घेत नाही. त्यांचे मालक जालिंदर यंदा भाच्याबरोबर गेले होते, आणि त्यावरून घरात काय काय झालं असेल ते मी विचारलं नाही.

“मावशी, यावेळी मी आहे,” मी म्हणाले.

भामाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमी लई बारीक हायसा,” त्या म्हणाल्या. “जेवता का न्हाई?”

३

दुसऱ्या अर्जाच्या नकला काढल्या. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या नोंदीत, तारीख होती अकरा जानेवारी. ‘अर्जदार समक्ष हजर. विचारणा केली. अर्ज स्वखुशीने काढून घेत असल्याचे सांगितले. निकाली.’ सोबत एक पुरशिस. आमच्याकडे कोर्टाला काही कळवायचं असेल तर जो दोन ओळींचा कागद देतात, तो. खाली भामाबाईंचा अंगठा, आणि त्याखाली वकिलांची ‘अर्जदारास ओळखतो’ अशी सही.

अकरा जानेवारीला भामाबाई कोल्हारजवळ ऊस तोडत होत्या. मुकादमाच्या वहीत त्यांची हजेरी होती. त्या दिवशी फडातला टोळीचा फोटोही कुणीतरी काढलेला होता. डोक्यावर मोळी, आणि मोळीखाली त्याच.

मला इतका संताप आला की नक्कल हातात घेऊन मी तडक कानिफमामांकडे गेले. ते व्हरांड्यात तंबाखू मळत होते.

“मामा, ही बाई त्या दिवशी आली होती?”

“आली हुती की.”

“हीच? नीट आठवून सांगा.”

“वकीलबाई, बावीस वर्सं नावं पुकारतोय मी. गाय हाक मारनाऱ्याला वळखती, तसा मी बी गाईला वळखतो.” मग हसून म्हणाले, “बंगळुरात काय पुकाराच नसतो म्हनं? मोबाईलवर वाजतं?”

“मामा, त्या कोल्हारला होत्या.”

ते हसायचे थांबले. तंबाखू तोंडात टाकायची राहिली. “आसतील,” ते म्हणाले. “लई जन आसतात.”

मग मी भामाबाईंच्या जुन्या वकिलांकडे गेले. मच्छिंद्र वकील, साठीचे, त्यांच्या ऑफिसात फायलींवर मांजर झोपलेलं. मला वाटत होतं मला उत्तर आधीच माहीत आहे. इथली पद्धतच तशी आहे. तोडीला जायच्या आधी पक्षकार वकिलाकडे येतात आणि चार-पाच कोऱ्या कागदांवर अंगठे देऊन जातात, मागं काही लागलं तर असावेत म्हणून. विश्वासानं देतात. कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे माणूस सोलून वकिलाच्या कपाटात ठेवण्यासारखं आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

“बस,” ते म्हणाले. “तू आलीस तेव्हा आमच्यात पैज लागली होती, दिवाळीपर्यंत टिकशील का गुढीपाडव्यापर्यंत. मी पाडवा धरला होता.”

“सर, तुम्ही तो अंगठा वापरलात.”

त्यांनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. पाकिटावर भामाबाईंचं नाव आणि ‘कागद पाच’. मी मोजले. पाच होते. पाचही कोरे, पाचहीवर निळा अंगठा.

“आणि ही सही?”

“माझीच दिसते,” ते म्हणाले. “फक्त मी केलेली नाही. त्या दिवशी मी नगरला दवाखान्यात होतो, डोळ्याच्या ऑपरेशनला.” त्यांनी मांजराला उचलून मांडीवर घेतलं. “तक्रार कर हवी तर. पहिल्या खेपेला मीही केली होती. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली.”

“मग काय झालं?”

“ती मी काढून घेतली, असं रोजनाम्यात आहे.”

४

मी तक्रार केली नाही. आधी अर्ज जिवंत करायचा होता. हजेरीची वही, फोटो, मुकादमाचं प्रतिज्ञापत्र, सगळं लावून मी युक्तिवाद केला. चांगला केला. साहेबांनी अर्ज पुन्हा फाइलवर घेतला आणि अठरा डिसेंबर तारीख दिली. त्या दिवशी वडिलांनी मुलीला घेऊन यावं, साहेब तिच्याशी स्वतः बोलतील. मी बाहेर येऊन भामाबाईंना मिठी मारली. त्या लाजल्या. “आवं, लोक बगत्यात,” म्हणाल्या.

लोक बघत होते, हे खरं. तेव्हाच माझं पहिल्यांदा तिकडे नीट लक्ष गेलं.

आमचा व्हरांडा लांब आहे. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे. कोर्टहॉलच्या दाराशी गर्दी असते, आणि दुसऱ्या टोकाला, जुन्या फायलींच्या दप्तरखान्यापाशी, एक लाकडी बाक आहे. तिथं नेहमी पाच-सहा माणसं बसलेली असतात. मी समजत होते, सावलीला बसतात. त्या दिवशी त्यातल्या एकाला मी ओळखलं. अमृत नावाचा माणूस, शेताच्या वाटेसाठी भांडणारा. त्याचा अर्ज ऑगस्टमध्ये मागं घेतला गेला होता.

मी जवळ गेले. “दादा, तुमचं प्रकरण तर संपलं ना?”

“तारीख हाय,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

“कुठली?”

“तारीख हाय.”

संध्याकाळी व्हरांड्यातूनच त्याच्या घरी फोन केला. त्याची आई म्हणाली, तो महिन्यापासून कर्नाटकात तोडीवर आहे, आत्ताच बोलणं झालं.

मी स्वतःला समजावलं. सारखा दिसणारा भाऊ असेल. चुलत भाऊ असेल. एका भावकीत सारखी नाकं निघतात. हे समजावताना मी त्या बाकाकडे पाठ करून उभी होते, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ तशीच उभी राहिले. मागं कोणी खोकलंसुद्धा नाही. पाच-सहा माणसं इतकी गप्प कशी बसतात?

दुसऱ्या दिवशी भामाबाईंना मी सहज विचारलं, “मावशी, कधी वाटलं होतं का, सोडून द्यावं?”

“यकदा,” त्या म्हणाल्या. “त्या जानेवारीतच. मोळी डोईवर हुती, गाडी भरायची हुती. पाय आसं कापाय लागलं. मनात आलं, जाऊ दे, न्हाई झेपत. यवढंच वो. मोळी टाकली अन् इसरून गेले.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आसं तर समद्यांस्नीच येतं की मनात. तुमाला न्हाई येत?”

मी नाही म्हणाले. खोटं बोलले. त्या आठवड्यात बंगळुरूच्या मैत्रिणीचा फोन आला होता, तिच्या ऑफिसात जागा आहे म्हणून. मी नकार दिला होता. फक्त नकार देण्याआधी खिडकीतून रिकामी एसटी जाताना दिसली होती, आणि ती वळणाआड जाईपर्यंत मी काही बोलले नव्हते.

५

अठरा डिसेंबर. भामाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या, लेकीच्या लग्नातलं. आदिनाथ निकिताला घेऊन आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर सगळं आधीच कळून चुकल्याचा कंटाळा.

“काय मामी, यंदा कोयता न्हाई?” तो म्हणाला. “लई मोठ्या झाल्या तुमी. वकीलबाई ठिवली.”

निकिता आजीकडे बघून हसली. तिच्या हातावर पाचटाच्या पानांचे बारीक ओरखडे होते.

मी भामाबाईंना मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसवलं आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. हास्यास्पद वाटत होतं, पण धरलं. त्यांची नाडी माझ्या बोटांखाली लागत होती. वर पंखा टकटक करत होता. साहेबांच्या समोर, उजव्या हाताला, लिपिक दिपाली मॅडमचं टेबल. त्यांच्या आणि आमच्या मधे एक जाड खांब. निकिता आणि आदिनाथ पुढच्या रांगेत.

कानिफमामांनी पुकारलं. भामाबाई उठायला लागल्या. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं.

“हाय जी,” दारातून आवाज आला.

भामाबाईंचाच आवाज होता. भामाबाई माझ्या शेजारी तोंड उघडं ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांची नाडी माझ्या बोटांखाली एकदा चुकली.

कानिफमामा अंग चोरून सरकले. यावेळी आत आलेलं मला दिसलं, पण खांबामुळे तुकड्यातुकड्यानं. हिरव्या लुगड्याची पाठ. डोक्यावरचा पदर. टेबलावर टेकलेला हात. आणि त्या हाताच्या मागं, खांबाच्या कडेला, काळ्या कोटाची एक बाही. ती कुणाची, ते बघायला थोडंसंच वाकावं लागलं असतं. मी वाकले नाही.

“अर्ज काढून घेताय?” साहेब कागदातच बघत होते.

“व्हय.”

“स्वखुशीनं? नातीचा ताबा नको?”

“न्हाई झेपत, साहेब. न्हाई पायजे मला ती.”

पुढच्या रांगेत निकिताची मान वर झाली.

मी ओरडले. काय ओरडले ते मला पुरतं आठवत नाही. “साहेब, माझी अशील इथं आहे! इथं, माझ्याजवळ बसली आहे! ही तोतयेगिरी आहे, या कोर्टात वर्षानुवर्षं चाललेली आहे, आणि तुम्ही एकदा, फक्त एकदा, मान वर करून बघत नाही!”

साहेबांनी मान वर केली. थकलेला, सभ्य चेहरा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भामाबाईंकडे.

“दिसताहेत की,” ते म्हणाले. “सांगून झाल्यावर जाऊन बसल्या. यात तोतयेगिरी काय, मॅडम?”

टेबलापाशी कोणी नव्हतं.

मी भामाबाईंना ओढत पुढे नेलं आणि त्यांचा अंगठा साहेबांसमोर धरला. “बघा. शाईचा डाग आहे? कागदावरचा अंगठा अजून ओला आहे, आणि हा बघा, स्वच्छ!”

“पदराला पुसतात बायका,” साहेब म्हणाले. त्यात उपहास नव्हता. उपहास असता तर मला काहीतरी करता आलं असतं. “आणि तुम्हीच ओळख पटवलीत ना आत्ता?”

दिपाली मॅडमनी पुरशिस माझ्यापुढे सरकवली. निळा, ओला अंगठा. खाली ‘अर्जदारास ओळखते’, आणि माझी सही. नावातलं शेवटचं अक्षर मी घाईत असले की वर जातं. तसं गेलं होतं.

“ही मी केलेली नाही.”

“अहो मॅडम, आत्ताच तर केलीत,” दिपाली मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना माझी कीव येत होती. “माझंच पेन घेतलंत. ते द्या ना परत, साहेबांच्या सह्या राहिल्यात.”

मी कोटाच्या खिशात हात घातला नाही. अजूनही तो कोट मी तसाच टांगून ठेवलेला आहे.

दारात कानिफमामांनी पुढचं नाव पुकारलं.

६

व्हरांड्यात भामाबाई निकिताच्या मागं धावल्या. आदिनाथनं भाड्यानं आणलेली जीप सुरूच होती. त्यांनी पोरीला खांद्याला धरून वळवलं. “बाय माजे, आगं म्या न्हाई बोलले त्ये. म्या बोललेच न्हाई.”

निकिता रडत नव्हती. तीसपर्यंत पाढे येणाऱ्या मुलीसारखीच ती नीट, हिशेबानं बोलली. “आजी, मी पुढंच हुते. तू माज्याकडं बगून म्हनलीस.”

“म्या न्हाई गं.”

“डोळ्यात बगून म्हनलीस.” तिनं खांद्यावरचा हात बाजूला केला. झटकला नाही, उचलून बाजूला ठेवला. “मला बाळाला दूध पाजायचं हाय. उशीर हुतोय.”

जीप गेली. भामाबाई धुरळ्यात उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात धरला आणि स्कूटरपाशी आणलं. मला राग आला होता, आणि रागात मला काम सुचतं. हुकूम रद्द करण्याचा अर्ज, तीस दिवसांच्या आत. मी स्कूटरच्या सीटवरच कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. दोन पानं एका दमात लिहून काढली. इतकं स्पष्ट, इतकं निर्भीड मी आधी कधी लिहिलं नव्हतं. मग शाईचा पॅड उघडून त्यांच्यापुढे धरला.

“मावशी, अंगठा.”

त्यांनी मूठ आवळली. अंगठा आत.

“मावशी, आपण परत लढायचं. पोरीसाठी.”

“लडायचं हाय,” त्या म्हणाल्या. “मला लडायचं हाय, वकीलबाई. पर पोरगी म्हनती, तू डोळ्यात बगून म्हनलीस. पोरगी खोटं न्हाई बोलत.” त्यांनी माझ्याकडे मूठ पुढे केली, बंदच. “म्या तुमच्याजवळ बसले हुते का तितं उभी हुते? तुमी धरलं हुतं मला. तुमी सांगा. हितं खाली तुमाला सही करायची हाय ना, हिला वळखते म्हनून?”

“हो.”

“मग नीट बगा. अन् मंग करा.”

मी पाहिलं. हिरवं लुगडं, घट्टे पडलेले हात, धुळीनं भरलेला चेहरा. डोळे माझ्यावर रोखलेले, पापणी न लवता. माझ्या मागं व्हरांड्याच्या टोकाला बाक होता आणि त्यावर कोणीतरी नव्यानं बसल्याचा, लाकूड कुरकुरल्याचा आवाज आला. एकाच्या नव्हे, दोघांच्या बसण्याचा.

मी वळले नाही. सहीही केली नाही. उद्या करू, मी म्हणाले, आज दोघीही दमलो आहोत.

हे लिहीत आहे तो तीस दिवसांतला सव्विसावा. अर्ज माझ्या बॅगेत आहे, दोन्ही पानं, एकही खाडाखोड नाही. भामाबाई रोज येतात आणि समोर मूठ आवळून बसतात. मी रोज त्यांच्याकडे नीट बघते.